लॅपटॉप म्हातारा झालाय की दमलाय?



गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पारण्याच्या पदार्थांचा नव्हता, चातुर्मासातल्या भाज्यांचाही नव्हता. "मंडळाचा तो जुना लॅपटॉप एकदम पळायला कसा लागला हो?" हा होता. प्रत्येकीला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. तुमच्याही घरात एखादा लॅपटॉप "आता याचं काही खरं नाही" म्हणून कपाटात पडलेला असेल. तो टाकण्याआधी हे वाचा.

आधी प्रसंग सांगते. आमच्या महिला मंडळाला २०१८ मध्ये एका दात्या भगिनीने लॅपटॉप दिला. खजिनदार म्हणून तो माझ्याकडे असतो. त्यावर मंडळाचे हिशेब, सभासदांची यादी, पाठशाळेच्या मुलांची हजेरी आणि कार्यक्रमांचे फोटो, असं सगळं आहे. मागच्या चातुर्मासात त्याची अवस्था अशी झाली, की बटण दाबून मी कुकर लावायचे, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, तरी पडद्यावर गोल गोल फिरणं चालूच. हिशेबाची फाइल उघडायला आणखी दोन मिनिटं. वर्षाचा हिशेब दशलक्षण पर्वाच्या आधी तयार हवा होता, कारण क्षमावणीच्या कार्यक्रमात आम्ही गरजू मुलींना फीचे चेक देतो.

लॅपटॉप एका दुकानात दाखवला. त्या माणसाने तो उघडलाही नाही. "काकू, मदरबोर्ड जुना झाला. यात पैसे घालू नका, नवा घ्या," म्हणाला. बैठकीत विषय निघाला. ४८ हजारांचा नवा लॅपटॉप मंडळाच्या फंडातून घ्यावा, असं बहुतेकींचं मत पडलं. माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, कशाला डोकं शिणवतेस? मी ऑर्डर करतो."

मी बी.कॉम. झालेली बाई. माझं डोकं आधी आकड्यांकडे जातं. फंडात होते ८१,२०० रुपये. १४ मुलींना प्रत्येकी ५,००० द्यायचे ठरले होते, म्हणजे ७०,०००. त्यातून ४८ हजार गेले तर उरतात ३३,२००, म्हणजे सहा मुलींची फी. उरलेल्या आठ मुलींना काय सांगणार? यंत्र हळू चालतं म्हणून तुमची फी नाही? आणि हे पैसे कोणाचे? कोणी पेन्शनमधून दिलेले, कोणी घरखर्चातून वाचवून गुपचूप आणून दिलेले. मुलाने स्वतःच्या पैशाने घेऊन दिला असता, पण चालू वस्तू न तपासता टाकायची, हेही मनाला पटेना. मी म्हटलं, "मला आठ दिवस द्या. नेमकं काय बिघडलंय ते कळू दे, मग ठरवू."

मैत्रिणींनो, या लेखात सांगायचं ते एवढंच आहे. "हळू चालतो" हे दुखण्याचं नाव नाही. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर आधी ताप कशाने आला ते बघतात. इथेही तसंच. आणि ते बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

लॅपटॉपच्या आत काय चालतं, ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा, हाताशी लागणारं सामान मांडून ठेवायची जागा. आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली, जिथे वर्षाचं सगळं साठवलेलं असतं. बाई कितीही चपळ असली आणि ओटा वीतभर असला, तर तिला दर मिनिटाला कोठीत पळावं लागेल. एक डबा परत ठेवायचा, दुसरा आणायचा. स्वयंपाकाला उशीर होतो तो पळापळीने. बाहेरून बघणारा मात्र म्हणतो, "बाईच म्हातारी झाली."

आता पळापळ कुठे होतेय ते बघायचं कसं? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. छोटी खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर दाबा. वर रकाने दिसतात: सीपीयू, मेमरी, डिस्क. त्याखाली टक्के. बस, हीच नाडी. मी तीन दिवस, सकाळी लॅपटॉप लावल्यावर दर पाच मिनिटांनी, हे आकडे वहीत लिहिले. सीपीयू १० ते १५ टक्के. मेमरी ८८ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि तीही तब्बल २० मिनिटं.

वहीने उत्तर दिलंच होतं. बाई निवांत उभी होती. ओटा भरून वाहत होता आणि कोठीच्या दारात रांग लागली होती.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' नावाचं पान आहे. तिथे मेमरीवर दाबलं की रॅम किती आणि तिच्यासाठीच्या खाचा किती, त्यातल्या भरलेल्या किती, ते दिसतं. आमच्याकडे रॅम ४ जीबी, दोन खाचांपैकी एक भरलेली. डिस्कवर दाबलं की ती जुन्या प्रकारची एचडीडी आहे की नवी एसएसडी, तेही बहुतेक लॅपटॉपमध्ये लिहिलेलं असतं. आमची एचडीडी होती. ही माहिती दुकानात जाण्याआधी आपल्या वहीत असली की समोरचा आपल्याला वाटेल ते सांगू शकत नाही.

एचडीडी का हळू, तेही समजून घ्या. तिच्यात खरोखरच एक तबकडी फिरत असते, ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखी, आणि तिच्यावर वाचणारा एक दांडा. लॅपटॉपमधली ही तबकडी सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला खूप वाटतं. पण हवी ती माहिती दांड्याखाली येईपर्यंत दर वेळी थांबावं लागतं, म्हणून विखुरलेल्या जागांवरची माहिती सेकंदाला साधारण शंभरएक वेळाच उचलता येते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. विंडोज सुरू होताना बारीकसारीक हजारो फाइली उघडत असते. मग फरक किती पडेल, तुम्हीच विचार करा.

पण मी लगेच दुकानात गेले नाही. पाठशाळेत आपण सगळ्यांनी होडीचं उदाहरण ऐकलंय. होडीत भोकातून पाणी येतं तो आस्रव, भोक बुजवणं हा संवर, साठलेलं पाणी उपसणं ही निर्जरा. तत्त्वांची बरोबरी मला यंत्राशी करायची नाही, पण कामाचा क्रम तिथूनच घ्यावा असा आहे. भोक न बुजवता पाणी उपसत बसलो, तर हात दुखतात आणि होडी बुडते ती बुडतेच.

तर पहिलं काम, भोकं बुजवणं. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' म्हणून पान आहे. लॅपटॉप लावताच न बोलावता जे प्रोग्रॅम येऊन बसतात त्यांची ती यादी. आमच्याकडे १४ निघाले! लॉकडाऊनमधल्या सभांचा व्हिडिओ प्रोग्रॅम, कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा, गाण्यांचा, कसला कसला. ज्याची गरज नाही त्यावर उजवं बटण दाबून 'डिसेबल' करायचं. प्रोग्रॅम त्याने पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. ज्याचं नाव ओळखीचं नाही किंवा जे लॅपटॉपच्या कंपनीचं आहे, ते विचारल्याशिवाय बंद करू नका. मी दहा बंद केले.

एक मुदत संपलेला अँटिव्हायरसही होता. पैसे भरा म्हणून सारखा आडवा यायचा. तो रीतसर अनइन्स्टॉल केला. असा बाहेरचा अँटिव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. तरी 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण आहे ना, ते पाहून घ्या.

दुसरी गोष्ट फार जणींच्या लक्षात येत नाही. मंडळाचा लॅपटॉप पंधरा दिवसांतून एकदा उघडायचा. पंधरा दिवसांचे अपडेट तुंबलेले असतात. लावल्याबरोबर ते सगळे उतरायला लागतात, त्यात व्हायरस तपासणी सुरू होते, आणि नेमकी त्याच वेळी आपल्याला पावती छापायची घाई असते. म्हणून आता मी दर शनिवारी तो चार्जरला आणि इंटरनेटला लावून तासभर नुसता चालू ठेवते आणि मग 'रिस्टार्ट' करते. शट डाउन आणि रिस्टार्ट यांत फरक आहे बरं का. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, आणि तो बहुधा असतोच, तर शट डाउन करताना विंडोज आपला काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवतं. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. झाकण मिटलं तर तो नुसता झोपतो.

मग साफसफाई. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'स्टोरेज' उघडलं की कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. तात्पुरत्या फाइली आणि रिसायकल बिन रिकामी केली. 'डाउनलोड्स'मध्ये एकच पत्रिका सात वेळा उतरवलेली होती. पण इथे हात जोडून एक सांगते. फोटो आणि आवाजाच्या फाइली पुसल्याने लॅपटॉप पळायला लागत नाही. डिस्क काठोकाठ भरली असेल तर जागा करावीच लागते, पण निम्मी कोठी रिकामी असताना एक डबा फेकून काय होणार? माझ्या ओळखीच्या एका भगिनीने कोणाच्या तरी सांगण्यावरून सगळे जुने रेकॉर्डिंग पुसून टाकले. त्यात तिच्या वडिलांच्या आवाजातलं भक्तामर स्तोत्र होतं. वडील आता नाहीत. लॅपटॉप होता तसाच हळू राहिला. ती हे सांगताना रडली, तेव्हाच मी ठरवलं की यावर लिहायचं.

म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी नक्कल काढा. मंडळाचे हिशेब आणि फोटो मी आधी एका पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या एका सभासदाच्या संगणकावर ठेवले. एक प्रत एका घरात, दुसरी दुसऱ्या घरात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फाइली अचानक उघडेनाशा झाल्या असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हेच करा. कधी कधी हळू चालणं ही डिस्क जाण्याची सूचना असते.

उष्णतेकडेही बघा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की हवा जायची खालची भोकं बंद होतात. आत तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. लाकडी पाट घ्या, त्यावर ठेवा. भोकांतली धूळ काढताना मात्र आपला यत्नाचार विसरू नका. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपमध्ये मुंग्या किंवा बारीक कोळी असू शकतात. बंद करून, चार्जर काढून, तो थोडा वेळ उजेडात ठेवावा, हलकेच टिचकी द्यावी, जीव आपल्या वाटेने निघून जातात. मग मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. कीटकनाशकाचा फवारा मारू नये. त्यात जीवही जातो आणि यंत्रही.

एवढं केल्यावर पुन्हा वही काढली. आधी लॅपटॉप लावल्यापासून कामाला लागेपर्यंत ११ मिनिटं लागायची, ती ६ वर आली. फुकटात पाच मिनिटं मिळाली! पण डिस्क अजूनही बराच वेळ १०० टक्क्यांवरच होती. म्हणजे आता खर्च करायला हरकत नव्हती, कारण तो कशावर करायचा ते ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडे गेले. वही समोर ठेवली आणि म्हटलं, "बाळा, एसएसडी बसव आणि रिकाम्या खाचेत ४ जीबी रॅम टाक. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर हवं. आणि जुनी डिस्क मला परत हवी." त्याने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काकू, निदान तुम्हीच करून आणलंय, मी फक्त स्क्रू फिरवायचे," म्हणाला. जुनी डिस्क तपासली, ती चांगली निघाली. मी तिथेच बसून राहिले. अडीच तास लागले. बिल ४,३५० रुपये, वॉरंटीच्या कागदासह.

आता बटण दाबल्यापासून हिशेबाची फाइल उघडेपर्यंत एक मिनिटही लागत नाही. हाच लॅपटॉप, हाच मदरबोर्ड. जुन्या डिस्कला बाहेरची एक छोटी पेटी बसवून घेतली, तिच्यावर दर महिन्याला हिशेबांची नक्कल ठेवते. काहीच वाया गेलं नाही. क्षमावणीला १४ च्या १४ मुलींना चेक मिळाले, आणि फंडात ६,८५० रुपये उरले.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल की या बाई नवं घेऊच देत नाहीत. सगळे लॅपटॉप असे सुधारत नाहीत. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, वाढवता येत नाही. काहींत आधीपासून एसएसडी असते, मग दोष दुसरीकडे शोधावा लागतो. आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आणि टीपीएम २.० लागतं. आमच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही होतं, म्हणून तो विनाखर्च ११ वर गेला. तुमचा त्याहून जुना असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर पैसे घालण्याआधी नीट विचार करा. खरंच निकामी झाला, तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तांबं काढायला तारा उघड्यावर जाळतात, आणि तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो. डिस्कवरची माहिती पुसून घेऊन तो ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या.

आणि एक सावधगिरी. "तुमचा कॉम्प्युटर स्लो झालाय, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट आपणहून असे फोन करत नाही. तुमच्या लॅपटॉपचा ताबा मिळवून बँकेतले पैसे काढायची ती युक्ती असते. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. "एका क्लिकमध्ये वेग दुप्पट" म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅमही घेऊ नका. होडीत आणखी एक भोक कशाला?

आपल्याला "तुम्हाला यातलं काय कळणार" असं ऐकायची सवय झालीये. पण डाळीत खडा कुठे आहे, दुधाचा हिशेब कुठे चुकतोय, गॅस या महिन्यात आठ दिवस आधी का संपला, हे शोधणाऱ्या आपणच ना? लॅपटॉपला तेच लागतं. बघायचं, लिहून ठेवायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं. नवं घेऊ नये असं मी म्हणत नाही. गरज आहे की नाही हे कळल्यावर घ्यावं, एवढंच. परिग्रहाचं परिमाण ठरवायचं तर आधी मोजता यायला हवं.

कपाटातला लॅपटॉप आज काढा. चार्जरला लावा, अपडेट होऊ द्या. मग ती तीन बटणं दाबा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क असे तीन आकडे वहीत लिहा. पुढच्या रविवारी मंदिरात भेटलात की वही घेऊन या. प्रवचन संपल्यावर पारावर बसून बघू.

जय जिनेंद्र.